आधी अर्थिंग, मग गाणं

ऑर्केस्ट्रात तुम्ही काय करायचा, असं कुणी विचारलं की मी पेटी वाजवायचो असं सांगतो. ते खोटं नाही. वसमतच्या आमच्या ऑर्केस्ट्रात मी वीसेक वर्षं पेटी वाजवली, पुढं सगळ्यांनी घेतला म्हणून कॅसिओही घेतला. पण माझ्याहून चांगली पेटी वाजवणारे पुष्कळ सापडतील. माझ्यासारखी यादी लिहिणारा मात्र आसपासच्या तालुक्यांत दुसरा नव्हता, हे आता या वयात लाज न बाळगता सांगून टाकतो.

यादी म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. आमचे निम्म्याहून जास्त कार्यक्रम सरकारी असायचे. साक्षरता, कुटुंबकल्याण, शेतकरी मेळावा, गावाची स्वच्छता. विषय कोणताही असो, भाषणांच्या आधी माणसं जमवायला आणि भाषणं होईपर्यंत ती थांबवून धरायला गाणी लागत. कार्यक्रम कायम उघड्यावर. शाळेच्या मैदानात, बाजाराच्या ओट्यावर, नाहीतर पीक निघालेल्या कुणाच्या तरी रानात. तारीख ठरली की कचेरीतून निरोप यायचा, काय काय लागतं ते लेखी द्या. मग स्टेज केवढं, माईक किती, वीज कुठून घ्यायची, बसायला काय, हे सगळं मी कागदावर मांडून द्यायचो. तो कागद फायलीला लागायचा, त्याची नक्कल मंडपवाल्याकडे जायची आणि मंडपवाला त्याप्रमाणे सामान आणायचा. मोठ्या शहरांत या कागदाला टेक्निकल रायडर म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. आम्ही आपली यादीच म्हणायचो.

सरकारी यादीचा स्वभाव असा की कागदावर आहे तेवढंच येतं आणि जसं आहे तसंच येतं. एकदा मी 'स्टेज, उंची चार फूट' असं लिहिलं. मोजून चार फुटांचं स्टेज आलं. पायऱ्या यादीत नव्हत्या, म्हणून आल्या नाहीत. आम्ही कसेबसे चढलो, पण अध्यक्ष चांगले सत्तरीचे होते. त्यांना दोघांनी काखेत धरून वर घेतलं. त्यांचं भाषण झालं, उतरवायला माणसं आली, तेव्हा ते म्हणाले, "राहू द्या बाबांनो, एकदा झालं तेवढं बास." मग आमची सगळी गाणी संपेपर्यंत ते ढोलकीवाल्याशेजारी बसून राहिले. पुढच्या यादीत मी 'पायऱ्यांसह, धरायच्या कठड्यासह' असं लिहिलं. एकदा 'जनरेटर एक' लिहिलं. जनरेटर आला, डिझेल नव्हतं. 'डिझेलसह' लिहिलं, तर चालवणारा माणूस नव्हता. वीज कधी जाईल याचा नेम नसलेले ते दिवस, त्यामुळे जनरेटरवाचून तर अडायचं. असं करत करत ते कलम 'जनरेटर एक, डिझेलसह, चालवणाऱ्या माणसासह, स्टेजपासून पन्नास पावलं लांब' इथवर वाढलं.

उन्हाचंही तसंच. दुपारच्या कार्यक्रमात आमच्या डोळ्यांवर ऊन नको म्हणून मी 'स्टेजचं तोंड पूर्वेला' असं लिहून दिलं आणि फार हुशारी केली असं मला वाटलं. चार वाजता ऊन आमच्या पाठीला आणि सगळ्या गावाच्या डोळ्यांत. पाच-दहा मिनिटांत माणसं उठली आणि स्टेजच्या मागं जाऊन उन्हाकडे पाठ करून बसली. मोकळ्या सतरंज्यांकडे तोंड करून आम्ही गात होतो आणि टाळ्या पाठीमागून येत होत्या. तेव्हापासून दुपारचं स्टेज उत्तरेला तोंड करून.

अशा ठेचा खात खात मी शिकत होतो. मग माझ्या डोक्यात हवा गेली.

झालं असं, की एक नावाजलेला ऑर्केस्ट्रा नांदेडला आला होता. त्यांच्या सामानाची टाईप केलेली यादी एका ओळखीच्या माणसाकडून माझ्या हाती लागली. एक्केचाळीस कलमं! आमची यादी वहीच्या फाडलेल्या पानावर असायची. ही तीन पानी, वर नाव, खाली शिक्का. मला आपल्या वहीच्या पानाची लाज वाटली. वसमतच्या कोर्टासमोर बसणाऱ्या टायपिस्टकडून मी ती जशीच्या तशी उतरवून घेतली आणि वर आमच्या ऑर्केस्ट्राचं नाव घातलं. स्टेज चाळीस बाय तीस. सोळा माईक. आम्ही माणसं नऊ. कलावंतांसाठी वातानुकूलित खोल्या दोन. आणि तेहतिसाव्या कलमात, 'ध्वनियंत्रणेस स्वतंत्र अर्थिंग'. या तेहतिसाव्या कलमाकडे मीसुद्धा नीट पाहिलं नव्हतं.

अर्थिंग म्हणजे साधी गोष्ट आहे. यंत्रात कुठं वीज निसटली तर तिला जमिनीत जायला सोपी वाट करून ठेवायची. सळई पुरायची आणि तिची वायर यंत्राला जोडायची. ती वाट नसेल तर वीज दुसरी वाट शोधते, आणि माईक धरलेला माणूस तिला चांगला सापडतो.

आमच्या मुख्य गायिका गयाबाई. कुरुंद्याच्या. घर मेंढ्यावाल्यांचं, रानात कळपामागं आवाज देऊन देऊन गळा इतका मोकळा झालेला की माईक त्यांना लागायचाच नाही, लागायचा तो मागं बसलेल्या माणसांना. गयाबाईंची एक रीत होती. स्टेजपाशी आल्या की चपला खाली काढायच्या, स्टेजला हात लावून तो कपाळाला लावायच्या आणि अनवाणी वर जायच्या. जिथं गाणं म्हणायचं तो देवाचा ओटा, तिथं पायताण चालत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं बघून आम्ही सगळेच चपला काढू लागलो. पण आम्ही जाड सतरंजीवर बसून वाजवणारे. उभं राहून, लोखंडी माईक मुठीत धरून गाणाऱ्या त्या एकट्याच.

ती तीन पानी यादी घेऊन आम्ही पहिल्यांदा गेलो ते जवळा बाजारला. शेतकरी मेळावा होता. चाळीस बाय तीसचं स्टेज कुठून येणार? बाजाराच्या ओट्यावरच कार्यक्रम होता. धूळ उडू नये म्हणून कुणीतरी भक्तिभावानं घागरीच्या घागरी पाणी मारून ठेवलेलं, वरची सतरंजी पुढच्या बाजूला पार भिजलेली. गयाबाईंनी चपला काढल्या, ओट्याला हात लावला आणि त्या ओल्या जागी उभ्या राहिल्या.

दुसऱ्या गाण्यात त्यांचा आवाज मध्येच तुटला. अंग ताठ झालं, मान मागं गेली, अंबाडा सुटला आणि तोंडातून एक लांब हुंकार निघाला. माईक हातातून सुटेना. बायकांमधून कुणीतरी म्हणालं, "अंगात आलं." आणि सगळा बाजार हात जोडून उभा राहिला. पुढच्या खुर्च्यांवरचे साहेब लोकही उभे राहिले. एक म्हातारी कुंकू घेऊन ओट्याकडे निघाली. ती गयाबाईंना शिवली असती तर तीही चिकटली असती.

मी त्यांच्यापासून चार हातांवर होतो. मी पेटीवरचे हात काढले आणि जोडले.

हे मी आजवर घरातसुद्धा नीट सांगितलेलं नाही. ज्याच्या यादीत अर्थिंग लिहिलेलं होतं तोच माणूस हात जोडून बसला होता. शुद्धीवर होता तो एकटा आमचा मंडपवाला. रशीदभाई, जवळा बाजारचेच. तीन पिढ्या मंडप-लाऊडस्पीकरच्या धंद्यातल्या. ते बाजूनं धावत आले आणि मेनची वायर हिसकून काढली. गयाबाई खाली कोसळल्या. वाचल्या. ओठ भाजले आणि उजव्या तळहातावर आडवा चट्टा राहिला.

तिसऱ्या दिवशी मी भांडायच्या तयारीनं रशीदभाईंच्या गोदामावर गेलो. त्यांनी चहा मागवला, खिशातून माझी तीन पानं काढली आणि पुढं ठेवली.

"मास्तर, सच बोलू? चौथ्या कलमापर्यंत वाचली मी यादी. वातानुकूलित खोल्या दोन. जवळा बाजारात? मी हसलो अन् खिशात घातली. मला वाटलं, फायलीसाठी लिवलेलं असन. खरं लागतं ते मास्तर तोंडानं सांगतेल."

"पण तेहतिसाव्या कलमात लिहिलं होतं की," मी म्हणालो.

"व्हय ना. पण तेहतिसावर कोण पोचणार?" मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "गलती आधी तुमची, मग माझी. बराबर वाटून घेऊ. पर तकलीफ तर तिला झाली."

मी भांडण घेऊन गेलो होतो; खिशातून पेन काढला. तिथंच, गोदामातल्या कनातीच्या गठ्ठ्यावर बसून, आम्ही दोघांनी नवी यादी केली. नियम एकच: रशीदभाई ज्याला 'हाय' म्हणतील तेच लिहायचं, आणि ते आहे की नाही हे परक्या माणसालाही बघून कळेल असं लिहायचं. एक पान झालं, अकरा कलमं. पहिलं कलम असं: 'जमिनीत तीन हात सळई, भोवती कोळसा व मीठ दोन किलो, वर पाणी एक घागर. एक टोक विजेला, दुसरं सळईला जोडून बल्ब लावून दाखवणे; बल्ब लख्ख पेटल्याशिवाय कार्यक्रम सुरू होणार नाही.' दुसरं कलम: 'गायिकेस उभं राहण्यास कोरडा लाकडी पाट.' त्यांची अनवाणी गाण्याची रीत मोडायचा मला काय अधिकार? पायाखाली लाकूड द्यायचं, एवढंच माझ्या हातात होतं. स्टेज गेलं तिसऱ्या नंबरावर.

कचेरीत हे कार्यक्रम पाहणारे डोंगरे साहेब म्हणून वरिष्ठ लिपिक होते. कागद पाहून त्यांनी चष्मा वर केला.

"मास्तर, मीठ दोन किलो? गाणं करून राहिले का भाजी?"

"साहेब, ते जमिनीत घालायचं असतं. ओल धरून ठेवतं."

"तपासणीला आलेला माणूस मला विचारन, सांस्कृतिक कार्यक्रमात मीठ काहून? अन् आधी स्टेज पाहिजे, मग बाकीचं. अशीच रीत हाय."

मी त्यांना जवळा बाजारचं सगळं सांगितलं. वीज कुठून कशी गेली, ओली सतरंजी, पाय. माझ्या जोडलेल्या हातांचं तेवढं सांगितलं नाही. डोंगरे साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी पुढच्या खुर्चीवर होतो त्या दिवशी," ते म्हणाले. "मी बी हात जोडले होते."

त्यांनी यादीत कानामात्राही बदलला नाही. मीठ पहिल्या नंबरावर तसंच राहिलं, आणि माझ्या माहितीप्रमाणे त्याबद्दल कधी कुणी विचारलंही नाही.

यादी सुधारली, कार्यक्रम नीट होऊ लागले, पण गयाबाई आल्या नाहीत. मी कुरुंद्याला गेलो. त्या अंगणात कोकराला पाजत बसल्या होत्या. गयाबाई कधी शाळेत गेल्या नव्हत्या. साक्षरतेची गाणी गात गात, त्याच वर्गांत बसून अक्षरं शिकल्या होत्या. मी दिलेला कागद त्यांनी बोट ठेवून सावकाश वाचला. सळई म्हणजे कोणती, बल्ब कशाला, सगळं विचारून घेतलं.

"मास्तर, माजं गाणं न्हाई सुटलं. मेंढरामागं गातेच मी," त्या म्हणाल्या. "ते लोखंड सुटलं. हात जात न्हाई त्याच्याकडं."

"ही यादी तुमच्यासाठीच केली, गयाबाई."

"कागदावर हाय. जमिनीत हाय का?"

मी कागद तिथंच ठेवून आलो.

वर्षभर आम्ही त्यांच्याशिवाय गायलो. नवी गायिका सुरेल होती, पण लोक मला विचारायचे, "गयाबाई न्हाई आल्या?" आणि मी प्रकृती बरी नाही असं सांगायचो. तोवर हिंगोली जिल्हा वेगळा झाला होता. कचेऱ्या बदलल्या, पाट्या बदलल्या, डोंगरे साहेब मात्र त्यांच्या त्याच चष्म्यासकट नव्या टेबलावर आले. त्यांनीच स्वच्छतेचा एक कार्यक्रम कुरुंद्याला लावला. गाव मुद्दाम निवडलं की आपोआप निघालं, ते त्यांनी मला सांगितलं नाही. मी आदल्या दिवशी गयाबाईंकडे जाऊन आलो.

"बघायला येईन," त्या म्हणाल्या. "गायला न्हाई."

दुपारी तीनला त्या मैदानात आल्या. रशीदभाईंनी सकाळीच सळई पुरली होती. गयाबाई तिथं उकिडव्या बसल्या, हातानं माती चाचपली, मिठाचा खडा उचलून जिभेला लावून पाहिला. रशीदभाईंनी बल्ब लावून दाखवला. लख्ख पेटला. स्टेजवरचा पाट गयाबाईंनी खालूनच उलटा करून पाहिला, कोरडा होता. आमचे सगळे वाजवणारे आपापल्या जागी बसून त्यांच्याकडे बघत होते. समोर गाव जमलं होतं. मला वाटलं, आता माईक घेतील.

त्या माझ्याकडे वळल्या. "मास्तर, आधी तुमी धरा."

"मी?"

"यादी तुमी लिवली ना? पायताण काढा. अन् पाटावर न्हाई. पाट माझ्यासाठी हाय. तुमी हितं खाली, मातीत उभे राहा. रशीदभाई, वता पाणी."

रशीदभाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, घागर आणली आणि माझ्या पायांशी रिकामी केली. मग ते मेनच्या स्विचजवळ जाऊन उभे राहिले. चिखलात माझी बोटं रुतली. माईक दोन हातांवर, स्टेजच्या काठाशी स्टँडला. अर्थिंग बरोबर आहे हे मला माहीत होतं; बल्ब मी डोळ्यांनी पाहिला होता. वर्षभर ह्याच यादीवर मी दुसऱ्यांना उभं केलं होतं. तरी माझा हात उठेना. गयाबाईंचं वर्ष कसं गेलं असेल ते मला त्या घटकेला कळलं, आणि आपण त्यांच्या अंगणात किती सहज कागद पुढं केला होता याची लाज वाटली.

मी माईक धरला. काही झालं नाही. पण धरला म्हणजे बोलायला हवं, आणि 'हॅलो' हा शब्दसुद्धा मला आठवेना. तोंडात जे आलं ते बोलू लागलो. "एक. जमिनीत तीन हात सळई. भोवती कोळसा व मीठ दोन किलो..." भोंग्यातून ते सगळ्या कुरुंद्याला ऐकू गेलं. पुढं बसलेल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, कार्यक्रमाची सूचनाच आहे असं समजून एकीनं शेजारणीला विचारलं, "मीठ घरून आणायचं व्हय?" मी थांबलो नाही. पाट, स्टेज, पायऱ्या, कठडा, जनरेटर, डिझेल, अकराच्या अकरा कलमं म्हणून टाकली. गाव काय समजलं कोण जाणे, पण शेवटी टाळ्या पडल्या.

गयाबाई हसत होत्या. वर्षभरात मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. चपला काढून, स्टेजला हात लावून त्या वर चढल्या. वाकून माझ्या हातातून त्यांनी माईक घेतला. तो माझ्या घामानं भिजला होता. त्यांनी तो पदरानं पुसून कोरडा केला आणि पाटावर उभ्या राहिल्या.

"मास्तर, अजून एक कलम लिवा," त्या माईकमधूनच म्हणाल्या. "यादी लिवणाऱ्यानं आधी धरून दाखवावं."

ते बारावं कलम मी पुढं प्रत्येक यादीत लिहिलं आणि काम सोडेपर्यंत प्रत्येक मैदानात पाळलं. जिल्ह्यातल्या अनेक गावांनी मला चिखलात उभं राहून यादी म्हणताना ऐकलं आहे. काहींना तो कार्यक्रमाचाच भाग वाटायचा. भीती थोडी थोडी वाटायचीच, आणि ती वाटत होती याचं मला आज वाईट वाटत नाही.

त्या दिवशी मी तसाच चिखलाच्या पायांनी पेटीवर जाऊन बसलो आणि सूर धरला. गयाबाईंनी डोळे मिटले. पहिली ओळ निघाली तेव्हा माझी बोटं पेटीवर असूनही मी त्यांच्या हाताकडेच बघत होतो, तळव्यावरच्या त्या चट्ट्याकडे. एक गाणं झालं, दुसरं झालं, लोकांनी तिसरं मागितलं. मध्येच मी बाजूला पाहिलं. रशीदभाई स्विचपाशीच उभे होते, बोट खटक्यावर ठेवून, नजर गयाबाईंवर. त्यांना सगळं ठीक आहे हे माहीत होतं, बल्ब त्यांनीच पेटवून दाखवला होता. तरी शेवटचं गाणं संपेपर्यंत त्यांनी तो हात काढला नाही, आणि मीही त्यांना काढा म्हणालो नाही.